पडद्यावरचे भूत आणि पाळीवरचा माणूस

व्याख्यानासाठी आम्ही हा विषय सुचविला तेव्हा आमच्याच एका सहकाऱ्याने कपाळाला हात लावला. कामगार चळवळीत उभे आयुष्य घालविलेल्या माणसाने बोनसवर बोलावे, ग्रॅच्युइटीवर बोलावे, फार तर गिरण्यांच्या इतिहासावर बोलावे. रात्री उशिरा टेलिव्हिजनवर लागणाऱ्या भुताखेतांच्या चित्रपटांवर त्याने काय म्हणून बोलावे, असा त्याचा प्रश्न होता. प्रश्न रास्त आहे, म्हणून प्रथम त्याचेच उत्तर देतो.

आम्ही कॉलेजची पायरी चढलेलो नाही. जे काही वाचले ते पाळी संपल्यावर, युनियनच्या कचेरीतील एका बल्बखाली वाचले. त्या वाचनातून एक गोष्ट ध्यानात आली. कष्टकरी माणसाने किती तास काम केले, किती मजुरी मिळविली, कोणत्या साली संप केला, हे कुठे ना कुठे नोंदलेले सापडते. परंतु काम संपल्यावर तो कशाने हसला, कशाला भ्याला, याची नोंद क्वचितच सापडते. माणसाचे अर्धे आयुष्य अशा रीतीने इतिहासाबाहेर राहते. त्या अर्ध्या आयुष्यातील एक लहानसा कोपरा आज उजेडात आणावा, एवढाच आमचा हेतू आहे.

आमच्या लहानपणची, १९८६ च्या सुमाराची गोष्ट. वडील गिरणीत होते. गणपतीत वस्तीतील पोरे वर्गणी काढून एका रात्रीपुरता रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणीत. ज्यांनी तो काळ पाहिला आहे त्यांना सांगावयास नको की, भाडे रात्रीचे असल्यामुळे त्या रात्रीचा एकही तास वाया घालविण्याची कुणाची तयारी नसे. तीन चित्रपट ठरलेले असत. पहिला देवादिकांचा, म्हाताऱ्या माणसांसाठी. दुसरा मारामारीचा, सर्वांसाठी. बारा वाजून गेल्यावर, लहान पोरे सतरंजीवर आडवी झाली की, तिसरा लागे आणि तो हटकून भुताचा असे.

या तिसऱ्या चित्रपटाला एक खास प्रेक्षकवर्ग होता. दुसरी पाळी सुटून आलेले कामगार डबा हातात घेऊनच मंडपात येत. केसांत सरकी-कापसाचे तंतू, डोळ्यांवर झोप आणि तरीही घरी जावयाचे नाही, असा तो थाट. पडद्यावर दार करकरत उघडे, धूर पसरे, हिरवा-लाल उजेड पडे आणि एक विक्राळ आकृती पुढे सरके. बायका पदर तोंडाशी नेत. तेवढ्यात मागून एखादा साचेवाला ओरडे, ‘अबे, भुताच्या पायात बूट दिसून राहिला!’ की सारा मंडप हास्यात बुडून जाई. भूत भ्यायला लावण्यासाठी केलेले होते, आणि आम्ही त्याला हसत होतो. विशेष हे की, हसत असतानाही आम्ही थोडे भीतच होतो आणि त्या दोहोंच्या मिश्रणातच सारी गोडी होती.

हा प्रकार आमच्याच वस्तीत निर्माण झाला असा आमचा पुष्कळ वर्षे समज होता. वाचन वाढल्यावर कळले की, त्याचा उगम फार दूर आहे. अमेरिकेत लॉस एंजेलिस शहरी १९५४ साली एका टेलिव्हिजन केंद्राने शनिवारी रात्री उशिरा जुने भयपट दाखविण्यास आरंभ केला. काळा पोशाख घातलेली, हडळीचे सोंग घेतलेली मैला नुर्मी ही नटी ‘व्हॅम्पायरा’ या नावाने पडद्यावर येई आणि चित्रपटाची थट्टा करीत तो दाखवी. पुढे १९५७ साली युनिव्हर्सल कंपनीचे जुने चित्रपट, त्यांत १९३१ चे ‘ड्रॅक्युला’ आणि ‘फ्रँकेन्स्टाइन’ही होते, बावन्न चित्रपटांचा एक गठ्ठा करून देशभरच्या केंद्रांना विकण्यात आले. गावोगावच्या केंद्रांनी आपापले सोंगाडे उभे केले. ज्या चित्रपटांनी १९३१ साली लोकांची गाळण उडविली होती, तेच सव्वीस वर्षांनी घरच्या खोलीत हशा पिकवू लागले. चित्रपट बदलला नव्हता. पाहणारा आणि पाहण्याची जागा बदलली होती. जुनी झालेली भीती ही हसण्याची वस्तू होते, हा धडा पहिल्याने तेथे गिरविला गेला.

आपल्याकडे भुताला पडद्यावर मान मिळाला तो कमाल अमरोहींच्या ‘महल’ने, १९४९ साली. अशोककुमार आणि मधुबाला यांचा हा बॉम्बे टॉकीजचा चित्रपट पाहिलेले पुष्कळ वाचक असतील. त्यातील भूत अखेरीस भूत निघत नाही; ती वाड्यातील माळ्याची मुलगी निघते. कामगाराच्या नजरेने पाहिले तर ही मोठी बोलकी गोष्ट आहे. मालकाच्या महालात माळ्याच्या मुलीला सरळ दाराने प्रवेश नाही, म्हणून ती पिशाच्च होऊन आत शिरते! १९६२ च्या ‘बीस साल बाद’मध्येही हवेलीतील रहस्याच्या मुळाशी जुन्या ठाकुराने केलेला अत्याचारच आहे. या काळातील चित्रपटांची रीत अशी की, शेवटच्या रिळात भुताचा मुखवटा उतरावा आणि आतून माणूस निघावा. सुशिक्षितांना ही रीत पटत असे, कारण तीत अखेर बुद्धीचा जय होता.

ही रीत मोडली ती रामसे बंधूंनी, आणि आमच्या मंडपातील तिसऱ्या चित्रपटाचे खरे धनी तेच. त्यांचे वडील फतेचंद रामसिंघानी हे फाळणीनंतर कराचीहून मुंबईस आलेले, रेडिओच्या मालाचे व्यापारी. गोऱ्या गिऱ्हाइकांना आडनाव उच्चारता येईना म्हणून त्याचे ‘रामसे’ झाले. त्यांनी काढलेला ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ हा चित्रपट १९७० साली पडला. परंतु त्यात पृथ्वीराज कपूर भयंकर मुखवटा चढवून चोरी करतात असा एक प्रसंग होता, आणि लोक तेवढ्याच प्रसंगासाठी येतात, हे मुलांच्या नजरेतून सुटले नाही. धंद्यात पडलेल्या मालातून चालणारा तुकडा ओळखणे हे कारागिराचे लक्षण आहे. त्यांनी तो तुकडा घेतला आणि १९७२ साली ‘दो गज जमीन के नीचे’ काढला.

सात भाऊ होते. कुमार लिहीत, गंगू कॅमेरा धरीत, किरण ध्वनी सांभाळीत, अर्जुन संकलन करीत, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करीत, केशू निर्मितीचे पाहत. ही विद्या त्यांनी कोणत्या संस्थेत मिळविली? कोणत्याही नाही. वडिलांनी त्यांना काश्मिरात एका हाउसबोटीत नेऊन बसविले आणि जोसेफ मॅसेली या अमेरिकन छायाचित्रकाराचे एक पुस्तक हाती दिले. त्या पुस्तकावरून ते शिकले. पुस्तकाखेरीज दुसरा गुरू न मिळालेल्या आमच्यासारख्याला हे वाचून या भावांविषयी आपुलकी वाटली असेल, तर वाचक समजून घेतील.

पहिल्या भयपटाचे चित्रीकरण महाबळेश्वरास झाले. मंडळी एकत्र गेली, एकत्र राहिली आणि घरच्या बायकांनी सर्वांचा स्वयंपाक केला. येथे मात्र आमच्यातील संघटक गप्प बसत नाही. घरच्या माणसाला ओव्हरटाइम नसतो आणि चुलीपुढच्या बाईचे नाव श्रेयनामावलीत येत नाही. घरच्या कारखान्याचे गुण सांगताना हा हिशेबही सांगितला पाहिजे. तथापि एवढे मान्य करावे लागेल की, मोठे नट नाहीत, मोठे भांडवल नाही, अशा स्थितीत या कुटुंबाने रबराचा मुखवटा, धूर, रंगीत दिवे आणि एक जुना वाडा यांच्या बळावर पुढची पंचवीस वर्षे आपला धंदा चालविला. ‘दरवाजा’ १९७८, ‘पुराना मंदिर’ १९८४, ‘वीराना’ १९८८, ‘बंद दरवाजा’ १९९०, अशी त्यांची परंपरा आहे.

‘पुराना मंदिर’ने तर त्या वर्षी मोठमोठ्या नटांच्या चित्रपटांना घाम फोडला. वृत्तपत्रांतील परीक्षकांनी अशा चित्रपटांकडे नाक मुरडले, मोठ्या शहरांतील चांगल्या टॉकीजनी त्यांना दार दाखविले. पण त्यांची खरी कमाई लहान शहरांत आणि तालुक्यांच्या गावी होती. आमच्या भागाला सिनेमाच्या व्यापारात ‘सी. पी.-बेरार’ म्हणतात. तो प्रांत राज्यकारभारातून जाऊन सत्तर वर्षे होऊन गेली. व्यापाऱ्यांच्या वहीत मात्र तो अजून नांदतो आहे. मेल्यावरही वावरणारी वस्तू पाहावयाची असेल तर ती ही! अशा या सी. पी.-बेरारमध्ये, शेंगदाण्याच्या टरफलांनी भरलेल्या टॉकीजमध्ये, खालच्या दराच्या तिकिटावर बसणाऱ्यांनी हे चित्रपट जगविले.

त्यांच्या कथा एकदा शेजारी ठेवून पाहा. ‘पुराना मंदिर’मधील सामरी हा राक्षस राजाच्या घराण्याला शाप देतो आणि त्या घराण्याच्या लेकी पिढ्यान्‌पिढ्या बाळंतपणात दगावतात. रामसेंचे भूत उठते ते बहुधा हवेलीत, तळघरात, ठाकुराच्या वाड्यात. एका खोलीच्या बिऱ्हाडात ते येत नाही, कारण तेथे लपावयास जागाच नाही. या कथांत थोरांच्या जुन्या मिळकतीखाली काहीतरी पुरलेले असते, ते वर येते, आणि त्याची झळ नातवंडांना लागते. ज्यांच्या बापजाद्यांनी दुसऱ्यांच्या वाड्यांवर राबून दिवस काढले, त्यांना ही गोष्ट पाहताना मनातून बरे वाटत असल्यास नवल नाही. लेखकाने हा अर्थ योजून घातला असे आम्ही म्हणत नाही. परंतु प्रेक्षक आपल्याला हवा तो अर्थ घरून घेऊनच येतो.

आता टेलिव्हिजनकडे येऊ. मुंबईस टेलिव्हिजन आला तो १९७२ च्या गांधी जयंतीला. रंगीत प्रक्षेपण सुरू झाले ते १९८२ साली. १९९२ साली झी वाहिनी निघाली आणि पुढच्याच वर्षी रामसे बंधूंनी तिच्यावर भयकथांची मालिका सुरू केली. शुक्रवारची रात्र तिच्या नावाने ओळखली जाऊ लागली. गल्लीतील केबलवालाही मध्यरात्री आपल्या व्हीसीआरवर जुने रामसेपट लावू लागला. मराठीत त्याच १९९३ साली महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ आला. त्यातील तात्या विंचू हा बाहुला शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांच्या हातचा, आणि आवाज दिलीप प्रभावळकरांचा. बाहुल्याला भिणारा लक्ष्मीकांत बेर्डे पाहून हसून हसून पुरेवाट होई. भीतीला विनोदाची जोड देण्याची जी गोष्ट आमच्या मंडपात मागून ओरडणारा साचेवाला करीत असे, ती येथे चित्रपटानेच अंगावर घेतली.

भूत असे टॉकीजमधून मंडपात आणि मंडपातून आमच्या खोलीत आले. आम्हाला त्याचा आनंदच झाला. मंडप गेला आणि दार लागले, हे आमच्या ध्यानात आले नाही.

ते कसे आले, हे सांगण्यासाठी एक रात्र सांगितली पाहिजे. आजवर आम्ही ती जाहीरपणे कधी सांगितलेली नाही.

१९९४ चा हिवाळा होता. आम्ही तेव्हा एका गिरणीत बदली कामगार होतो. काम आज मिळे, उद्या मिळत नसे. पगाराची तारीख पुढे पुढे जाई आणि फाटकावर कोणती नोटीस लागेल याचा नेम नसे. अशा वेळी वस्तीत एक बोलवा उठली की, रात्री हाकामारी फिरते. ती दारात येऊन नावाने हाक मारते. ज्याने ओ दिली तो गेला. कुणी दारावर खडूने काहीबाही लिहिले, कुणी लिंबू-मिरची टांगली. दिवसा सगळे त्यावर हसत, आम्हीही हसत असू.

त्या शुक्रवारी रात्री आम्ही घरात टीव्हीपुढे बसलो होतो. भुताची मालिका चालू होती. मुखवट्याची शिवण दिसत होती आणि आम्ही ती आईला दाखवून हसत होतो. तेवढ्यात दाराबाहेरून आमच्या नावाने हाक आली. बाईचा आवाज, चिरका. पुन्हा एक हाक आली. आई हळूच म्हणाली, ‘ओ देऊ नको, बापा.’ आम्ही दिली नाही. टीव्हीचा आवाज कमी करावयासही हात उठला नाही. हाक शेजारच्या दाराशी गेली, तेथूनही पुढे गेली. कुठलेच दार उघडले नाही.

ती आमच्या ओळीच्या टोकाला राहणारी आजी होती. तिच्या नातवाला तापात झटके येत होते. घरात पुरुष माणूस नव्हता. सहा दारे झाल्यावर दुसरी पाळी सुटून सायकलने येणारा एक जॉबर तिला वाटेत भेटला. तो त्याच मंडपात आमच्याबरोबर बसणारा, हाकामारीची बोलवा त्यानेही ऐकलेली होती. त्याने पोराला शालीत गुंडाळले, आजीला मागे बसविले आणि सायकल मेडिकलच्या दिशेने हाणली. पोरगा वाचला. आज तो ट्रक चालवितो.

दुसऱ्या दिवशी आम्ही आजीकडे गेलो. काय बोलावे ते सुचेना. तीच म्हणाली, ‘तुमचा टीव्ही बाहेर ऐकू येऊन राहिला होता, बाबू.’ तिने दुसरा शब्द काढला नाही. त्यानंतर आम्ही चळवळीत पुष्कळांची बोलणी खाल्ली, परंतु त्या एका वाक्याइतके कोणतेही लागले नाही.

भयपटांमुळे अंधश्रद्धा वाढते, असा आक्षेप जाणकार घेतात. आम्ही त्या रात्रीचा विचार या आक्षेपाच्या उजेडात पुष्कळदा केला आहे. आक्षेप अर्धा खरा आहे. रामसेंचे भूत शेवटच्या रिळात माणूस निघत नाही. ते त्रिशूळाने किंवा पवित्र चिन्हानेच मरते. बुद्धीला तेथे काम नाही. पण आम्हाला त्या रात्री दाराआड बसविले ते पडद्यावरच्या भुताने नव्हे. त्याची तर आम्ही शिवण मोजीत होतो. उलट बाजूचा दावाही आम्ही करीत असू की, भुताला हसणारा माणूस भुताला भीत नाही. तो दावा त्या रात्री आमच्याच दारात खोटा पडला. पडद्यावरचे भूत खोटे आहे हे जाणणे निराळे, आणि आपल्या दाराशी आलेली हाक माणसाची आहे असे धरून चालणे निराळे. पहिल्याला नुसते डोळे लागतात. दुसऱ्याला सोबत लागते.

मंडपात आम्ही ऐंशी-शंभर माणसे होतो. एकाने बूट दाखविला की सर्वांची भीती एकदम उतरे. १९९४ साली तीच माणसे तेच चित्रपट पाहत होती, परंतु प्रत्येक जण आपापल्या कडीआड. कुणी ओरडून बूट दाखविणारा नव्हता. शिवाय फाटकावरच्या नोटिशीची भीती प्रत्येकाच्या घरात निराळी निराळी शिरलेली होती. तिला तोंड नव्हते, म्हणून तिने हाकामारीचे तोंड घेतले. वस्तीवर जेव्हा कामाची टंचाई येते तेव्हा तेथे भुते वाढतात, हे आम्ही पुढे इतर ठिकाणीही पाहिले. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला त्या २०१३ सालीच महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. तो हवाच होता. पण कायदा भोंदूला पकडतो. लागलेले दार त्याला उघडता येत नाही.

नागपूरकरांना हे नव्याने सांगण्याची गरज पडू नये. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या शहरात मारबत निघते. काळी आणि पिवळी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून निघत आलेल्या. काळी ही इंग्रजांना मिळालेल्या बाकाबाई भोसल्यांची आठवण, असे जुने लोक सांगतात. विक्राळ तोंडाच्या त्या पुतळ्या, त्यांच्या मागे महागाईपासून लाचखोरीपर्यंत सर्वांची टर उडविणारे बडगे, आणि भोवती हसणारा, ओरडणारा माणसांचा समुद्र! वर्षभराची रोगराई आणि पीडा यांना तोंड द्यावयाचे, ते तोंड भयानक करावयाचे, सर्वांनी मिळून त्याला हसावयाचे आणि वेशीबाहेर नेऊन जाळावयाचे. टेलिव्हिजनने ज्या खेळाला घरात कोंडले, तो आपल्या पूर्वजांनी रस्त्यावर मांडला होता. फरक इतकाच की, मारबत कुणी एकट्याने काढीत नाही.

१८७७ साली सुरू झालेली एम्प्रेस मिल २००२ साली कायमची बंद झाली. दुसऱ्या पाळीचा भोंगा आता वाजत नाही. तुलसी रामसे २०१८ साली गेले, श्याम रामसे २०१९ साली. त्यांचे चित्रपट आता पोरांच्या हातातल्या मोबाइलवर दिसतात, कानात वायर घालून, रजईच्या आत. पाहणाऱ्याचे हसूसुद्धा शेजारच्या खाटेला ऐकू येत नाही.

आम्ही अजूनही हे चित्रपट आवडीने पाहतो, हे कबूल करण्यात आम्हास लाज वाटत नाही. शनिवारी रात्री युनियनच्या कचेरीत सात-आठ निवृत्त मंडळी जमतात. कुणी फुटाणे आणतो, कुणी चहाचा थर्मास. पूर्वी पोराला सायकलवर घेऊन गेलेले ते जॉबरकाका आता काठी टेकीत येतात, डोळ्यांना कमी दिसते, तरी बूट प्रथम तेच ओळखतात. कचेरीचे दार आम्ही उघडे ठेवतो. डास येतात, थंडी येते, मंडळी कुरकुर करतात. पण बाहेरून कुणी हाक मारली तर ती आत ऐकू आली पाहिजे, एवढा एक नियम आम्ही केला आहे, आणि तो आजवर मोडलेला नाही.